अंगठा घेता, तर खुर्चीही द्या

प्रति,
पुण्यातल्या आरोग्य संशोधन संस्थांच्या नैतिकता समित्यांचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आधी आम्ही बंद पाकिटातूनच लिहिलं होतं. निरनिराळ्या संशोधन प्रकल्पांत घरोघर फिरून काम केलेल्या आम्ही सहा जणी. माणसांवरच्या अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या तुमच्यापैकी एका समितीला आम्ही विनंती केली की, कातकरी किंवा भटक्या-विमुक्त समाजातल्या एखाद्या व्यक्तीला समितीवर सामान्य नागरिक सदस्य म्हणून घ्या. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं : 'सदर समाजातील व्यक्तींना संशोधनातील तांत्रिक बाबींचे आकलन होणे अवघड असल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही.' खाली सही आणि शिक्का.

ती समिती कोणती हे मी इथे सांगत नाही. दुसऱ्या कुठल्या समितीकडून वेगळं उत्तर आलं असतं असं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आणि सगळ्यांसमोर.

मी आंबेगाव तालुक्यातली, महादेव कोळी. आमचं जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. आजी सांगायची, पाणी यायच्या आधी मोजणीवाले आले होते. घरं मोजली, हिरड्याची झाडं मोजली, माणसं मोजली. तेव्हापासून वही-पेन घेतलेलं कुणी दारात उभं राहिलं की ती आधी विचारायची, "आता काय न्यायला आलास?" पुढे मी स्वतःच वही-पेन घेऊन लोकांच्या दारात उभी राहू लागले. मुळशी, मावळ, भोरच्या कातकरवाड्या आणि पुणे शहरातल्या वडार, कैकाडी, वैदू वस्त्या. अकरा वर्षं मी हे काम केलं. संमतीपत्रं वाचून दाखवली, शाईच्या पॅडवर अंगठे टेकवून घेतले, रक्ताच्या बाटल्यांवर बारकोडचे स्टिकर लावून थंड पेटी एसटीनं पुण्यात आणली.

त्यातली एक पेटी अजून डोक्यातून जात नाही. सहा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आठ दिवस आधी, एका कातकरवाडीवर पहाटे आम्ही तेवीस बायकांचं रक्त घेतलं. पहाटेच घ्यावं लागतं, उजाडल्यावर माणूस कामाला गेलेलं असतं. एकीनं विचारलं, "याचं पुढं काय होतं?" मी म्हणाले, "तपासतात. रक्त कमी असलं तर कळेल." "कधी कळेल?" "पंधरा दिवसांत." मला तसंच सांगितलं होतं. त्या वेळी तिला दुसरा महिना होता, आणि ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

नमुने एकदम तपासायचे म्हणून साठवून ठेवले गेले. आकडे माझ्यासमोर आले ते फेब्रुवारीत, एक्सेलमध्ये भरायला. तिचं हिमोग्लोबिन ५.९ होतं. सातच्या खाली गेलं की गरोदर बाईला तातडीनं दवाखान्यात न्यायचं असतं हे मला शिकवलेलं होतं. मी वरिष्ठांना विचारलं. उत्तर आलं की, सहभागींना रिपोर्ट अभ्यास संपल्यावर द्यायचा आहे, प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या मंजूर आराखड्यात, तसंच आहे. रविवारी मी स्वतः वाडीवर गेले. दारांना कुडाच्या ताट्या लावलेल्या, सगळी माणसं वीटभट्टीवर गेलेली. कुठल्या भट्टीवर, हे कळायला आणखी दोन आठवडे गेले. मी पोचले तेव्हा ती भट्टीवरच सातव्या महिन्यात बाळंत झाली होती. मूल गेलं. रक्त थांबेना म्हणून मालकाच्या टेम्पोतून तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं, तिथे रक्त चढवलं, ती वाचली. मला बघून तिनं एवढंच विचारलं, "बाई, तुला माहीत होतं का?"

रिपोर्ट वेळेवर मिळाला असता तर मूल वाचलंच असतं, असं मी म्हणत नाही. ते ठरवायला तुम्ही डॉक्टर आहात. पण तिच्या रक्ताचा आकडा एका संगणकात पडून होता आणि तिच्यापर्यंत पोचायला त्याला कुठलीच वाट ठेवलेली नव्हती. त्या प्रोटोकॉलवर तुमच्यासारख्याच एका समितीनं मंजुरीची सही केली होती. त्या टेबलाभोवती कातकरवाडीतलं एक जरी माणूस असतं, तर त्यानं पहिल्याच बैठकीत विचारलं असतं, 'दिवाळीनंतर वाडीवर कोण असतं? रिपोर्ट कुणाच्या हातात देणार?' हा प्रश्न सुचायला एम.डी. लागत नाही. दिवाळी उलटली की मुकादमाची उचल फेडायला भट्टीवर जावं लागतं, एवढं ठाऊक असावं लागतं.

आता आमच्या तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली तुमच्या त्या दोन ओळींबद्दल. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, २०१७ साली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. समितीत सात ते पंधरा सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, निम्मे तरी सदस्य संस्थेशी संबंध नसलेले, आणि त्यांत एक सामान्य नागरिक, असं त्यात आहे. हा नागरिक कसा असावा तेही लिहिलंय. लिहिता-वाचता येणारा असावा, गेल्या पाच वर्षांत आरोग्यक्षेत्रात काम केलेलं नसावं, स्थानिक भाषा, चालीरीती, मूल्यं त्याला ठाऊक असावीत, आणि ज्या समाजातून सहभागी घेणार त्या समाजाचा तो प्रतिनिधी असू शकतो. तांत्रिक बाबींचं आकलन ही अट त्यात कुठेच नाही. तांत्रिक बाबी कळणारी माणसं समितीत असतातच, म्हणून तर ही एक जागा वेगळी ठेवली. त्या जागेवर आजवर कोण बसलं, हे तुम्हीच आठवून बघा. मी ज्यांना ज्यांना पाहिलं ते निवृत्त प्राध्यापक, बँकेतले अधिकारी किंवा प्रतिष्ठित गृहिणी होते. सज्जन माणसं, मन लावून कागद वाचणारी. पण त्यांच्यापैकी कुणाच्या घरी पहाटे रक्त घ्यायला कधी कुणी गेलं नव्हतं. आमच्या वाड्यांवर आता बारावी झालेली, पदवी घेतलेली पोरं-पोरी आहेत. थोडीच आहेत, पण आहेत. आम्ही सहा जणींनी तीन नावंही सुचवली होती. त्यांना भेटायलाही कुणी बोलावलं नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि ती कुणी फारशी बोलत नाही. रक्त घ्यायला, वजन-उंची मोजायला आमच्या वाड्या चालतात. पण औषधाचा, आहाराचा, नव्या उपचाराचा अभ्यास निघाला की निकषांच्या पानावर आम्ही गळतो. 'गेले बारा महिने त्याच पत्त्यावर वास्तव्य.' गेला हंगामी मजूर. 'मराठी वाचता येणे आवश्यक.' गेल्या चाळिशीपुढच्या सगळ्या बायका. 'स्वतःचा मोबाईल असावा.' गेली सून, कारण घरातला एकच फोन नवऱ्याच्या खिशात. कातकरी असा शब्दही न वापरता कातकरी वगळले जातात. चुकून कुणी यादीत आलंच, तर पाठपुराव्याच्या फेऱ्या नेमक्या जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा हवा बरी असते, आणि मार्चअखेर पैसे खर्च दाखवायचे असतात. आम्ही वहीत तीनदा 'घर बंद' लिहायचो आणि चौथ्यांदा तिच्या नावापुढे 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे पाठपुराव्यातून हरवली. ती हरवलेली नसायची. चाळीस किलोमीटरवर विटा थापत असायची, आणि तिथवर जायला प्रकल्पात प्रवासखर्च नसायचा.

तुम्ही म्हणाल, कातकरी ही विशेष असुरक्षित आदिवासी जमात आहे, महाराष्ट्रातल्या अशा तीन जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबरची. त्यांच्या गरोदर बायकांना, मुलांना, वृद्धांना संशोधनात घेणं टाळण्याची खबरदारी घ्या, असं त्याच मार्गदर्शक तत्त्वांत आहे. बरोबर आहे, आणि ते असायलाच हवं. त्यामागे कारणं आहेत. २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममला वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. त्या काळात झालेले मृत्यू लशीमुळे नव्हते असं चौकशीत निष्पन्न झालं. लसही उपयोगाची आहे, माझ्या मुलीला मी देणार आहे. तरी संसदेच्या स्थायी समितीनं २०१३च्या अहवालात त्या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले, कारण कुणाच्या मुलीच्या दंडात सुई टोचायची हे त्या मुलीच्या आईला न विचारता ठरवलं गेलं. म्हणून संरक्षणाचा नियम हवाच. मात्र त्याच तत्त्वांत हेही आहे की, आदिवासींमधलं संशोधन त्यांच्याच उपचाराच्या, निदानाच्या, प्रतिबंधाच्या कामाचं असावं आणि त्याचा लाभ त्यांना व्हावा. तुम्ही पहिला नियम वाचता आणि दुसऱ्यापाशी थांबता. मग ज्या वाडीवर बायकांचं रक्त सर्वांत कमी, तिथल्या बायकांना कोणती गोळी सोसते आणि कोणती सोसत नाही, हे शोधणारा अभ्यास कधी निघतच नाही.

यात नुकसान आमचं आहेच, शास्त्राचंही आहे. मधुमेहासाठी तुम्ही एचबीए१सी ही तपासणी वापरता. लाल पेशी जगते तेवढ्या काळात तिला किती साखर चिकटली, यावर तो आकडा ठरतो. सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार असलेल्याच्या किंवा लाल पेशींना जपणारं जी६पीडी हे विकर कमी असलेल्याच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे साखर जास्त असूनही आकडा कमी येऊ शकतो. लोहाची कमतरता असेल तर उलट तो फुगतो. आता सांगा, सिकलसेलही आहे आणि अंगात लोहही नाही, अशा वस्तीत हा आकडा नेमकं काय सांगेल? शहरातल्या पगारदार माणसांवर ठरवलेली रेषा तिथे तशीच ओढून कसं चालेल? बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही असंच. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातला ऑक्सिजन खरोखर उतरलेला असताना यंत्र तो ठीक दाखवतं, हे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट निघालं. त्याच वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आमच्या आशाताई तसलंच यंत्र घेऊन दारोदार फिरत होत्या. उन्हात भाजलेल्या काळ्या बोटांना ते लावत होत्या आणि कागदावर ९६, ९७ लिहीत होत्या.

तिसरी तक्रार संमतीपत्राची. 'सदर संशोधनातील आपला सहभाग संपूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेऊ शकता, त्याचा आपणास मिळणाऱ्या वैद्यकीय सेवेवर परिणाम होणार नाही.' हे वाक्य मी शेकडो वेळा वाचून दाखवलंय आणि समोरची मान शेकडो वेळा हललीय. कातकऱ्यांची बोली काथोडी. मराठी त्यांना कळतं, पण हे मराठी कळत नाही. खरं सांगायचं तर सदाशिव पेठेतही हे एका वाचनात कुणाला कळत नसेल. काही वर्षांनी मी न विचारता माझं वाक्य म्हणायला लागले : "नको असेल तर नको म्हणा. नको म्हटलं तरी दवाखान्यात औषध मिळेल. आज हो म्हणून उद्या नको म्हटलं तरी कुणी रागावणार नाही." त्या दिवसापासून नाही म्हणणाऱ्या बायका वाढल्या. माझं टार्गेट मागे पडलं आणि मला बोलणी बसली. पण त्या हो म्हणत होत्या तेव्हा नेमकं कशाला हो म्हणत होत्या, हे मला त्या नाही म्हणू लागल्यावर कळलं.

चौथी तक्रार छोटी. फॉर्मवर जातीच्या रकान्यात अ.जा., अ.ज., इमाव, इतर एवढेच चौकोन असतात. अ.ज. या एका चौकोनात मीही आणि वाडीवरची ती बाईही. माझ्या वडिलांकडे थोडं शेत होतं, मी शिकले, तिच्याकडे राहत्या जागेचाही कागद नाही. दोघींची सरासरी काढली की तिचं दुखणं माझ्याआड दडतं. कैकाडी तर विदर्भात अनुसूचित जातीत आणि पुण्यात विमुक्त जातीत. तुमच्या चौकोनांत ते इमावमध्ये जातात किंवा 'इतर'मध्ये, टॅबवर बोट कुठे पडेल तसं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१८ साली आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला. वेगवेगळ्या आदिवासी जमातींच्या आरोग्याची स्वतंत्र आकडेवारी जवळपास नाहीच, ही त्यातली एक मोठी खंत होती. २०११च्या जनगणनेप्रमाणे पुणे जिल्ह्यात साडेतीन लाखांच्या आसपास आदिवासी आहेत. विद्येच्या माहेरघरात एवढ्या माणसांची जमातवार नोंद ठेवायला एक जास्तीचा रकाना लागतो.

पाचवी तक्रार, रक्ताचं पुढे काय होतं ही. मला अकरा वर्षांत ते सांगता आलं नाही. 'भविष्यातील संशोधनासाठी नमुने जतन करण्यास माझी हरकत नाही' या ओळीपुढे आम्ही खूण करून घ्यायचो. कुठलं संशोधन, किती वर्षं, कुठल्या शहरातल्या फ्रीझरमध्ये, कुणीच विचारायचं नाही, कारण विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये हावासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात आहे. १९९०पासून तिथल्या विद्यापीठानं मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरलं गेलं. लोकांना कळल्यावर त्यांनी दावा लावला. २०१०मध्ये तडजोड झाली, विद्यापीठानं सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. त्यांनी आपलं रक्त वाडीवर परत नेलं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. दक्षिण आफ्रिकेत सान या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी तर २०१७ साली स्वतःचीच संशोधन आचारसंहिता लिहिली. आमच्याकडे यायचं तर या नियमांनी या, असं बजावणारी. तांत्रिक बाबींचं आकलन त्यांनाही नव्हतं असंच बाहेरचे लोक समजत होते.

निकाल लोकांच्या हातात देणं जमत नाही, असं मला सांगू नका. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आणि तपासलेल्या माणसाला निकालाचं कार्ड द्यायचं ठरलं. सात कोटींना कार्ड देण्याची योजना आखता येते, तर तेवीस बायकांना एक चिठ्ठी देता येते.

आम्हाला काय हवंय ते आता सरळ लिहिते. ज्या समितीकडे आदिवासी किंवा भटक्या-विमुक्त वस्त्यांतले अभ्यास येतात, तिथे सामान्य नागरिक सदस्याची किमान एक जागा त्या समाजातल्या व्यक्तीला द्या. बैठकीच्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च तिला त्याच दिवशी द्या. पहिल्या वर्षी दोन माणसं घ्या, एकटं माणूस तुमच्या टेबलापाशी बोलणार नाही. अभ्यासाचा प्रस्ताव लिहायच्या आधी संशोधकानं वाडीवर बैठक घेतल्याची नोंद मागा. त्या बैठकीत लोक काय म्हणाले आणि त्यामुळे प्रस्तावात काय बदललं, हे त्यात असलं पाहिजे. फक्त सरपंचाची सही नको. वास्तव्य, वाचन, मोबाईल या तीन अटी कुणी घातल्या तर त्या का, हे लेखी विचारा. पटलं नाही तर अट काढायला लावा. स्थलांतराच्या महिन्यांत भट्टीवर जाऊन पाठपुरावा करायचा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर प्रस्ताव परत पाठवा. जिवाला धोका दाखवणारा आकडा निघाला तर तो अठ्ठेचाळीस तासांत त्या माणसापर्यंत आणि जवळच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचेल, अशी लेखी व्यवस्था असल्याशिवाय एकाही सुईला परवानगी देऊ नका. या एका मागणीवर मी तसूभर मागे येणार नाही.

संमतीपत्र त्या बोलीत, तोंडी, त्या समाजातल्या माणसाकडून समजावून दिलं जावं. त्यानंतर बाईनं स्वतःच्या शब्दांत सांगावं की तिला काय समजलं, आणि मगच अंगठा. साठवलेल्या रक्ताचा नवा उपयोग करायचा तर पुन्हा विचारायला या. अभ्यास संपल्यावर वाडीवर येऊन एक संध्याकाळ निकाल सांगा, लोक भट्टीवरून परतल्यावर.

संशोधन बंद करा असं आमच्यातलं कुणीच म्हणत नाही. १९५२पासून हे शहर विषाणूंवर काम करतंय. या जिल्ह्यातल्या गावांतल्या गरोदर बायकांवर झालेल्या अभ्यासातून जगाला कळलं की आईच्या पोटातलं कुपोषण पुढे मुलाच्या मधुमेहाच्या धोक्यापर्यंत पोचतं. ते ज्ञान ज्या बायकांच्या रक्तातून आलं, त्यांच्याबद्दल आणि ते काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मला तर संशोधन आणखी हवंय, वाडीवरच्या बाईचं रक्त का वाढत नाही याचं. फक्त तो प्रश्न कागदावर उतरताना तिला बोलवा.

आमचा अर्ज आम्ही पुन्हा दाखल करतोय, या वेळी पुण्यातल्या सगळ्या समित्यांकडे, तीन नावांसह. तिघांना कधीही भेटायला बोलवा, मी सोबत येईन. वाडीवरच्या ज्या बाईबद्दल वर लिहिलं, तिला विचारूनच लिहिलंय. तिचं नाव घ्यायचं नाही असं तिनं सांगितलं, आणि तुमच्यासमोर बोलायला यायला ती तयार आहे. तारीख मात्र दिवाळीच्या आधीची द्या. नंतर ती भट्टीवर असेल.

आपली,
अकरा वर्षं क्षेत्र सर्वेक्षक म्हणून काम केलेली,
मूळ गाव ता. आंबेगाव, सध्या मुक्काम पुणे